पलंगाखालची पेटी

रविवार, संध्याकाळ. डोंबिवली.

आयुष्यातली पहिली लाकडी पेटी आज केली. एमआयडीसीतून पॅकिंगच्या फळ्या स्वस्तात मिळालेल्या. घाईत भोक न पाडताच स्क्रू पिळला आणि कोपऱ्यावरची फळी चिरली. तरी उभी राहिली पेटी. खाली चाकं लावत होते, तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "माझं सामान भरायला का ही? टिटवाळ्याला कधी पाठवताय मला?"

मला कळेचना. टिटवाळ्याला धाकटे भाऊजी राहतात, पण पाठवायचं कुठून आलं? म्हटलं, "अहो आई, तुमच्या साड्यांसाठी करतेय. पलंगाखाली सरकवायला." त्या नुसत्या चिरलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिल्या. विश्वास बसला नव्हता.

सुनील घरी आल्यावर सरळ विचारलं. त्याने नजर चुकवली. "अगं, आईला तिकडे पाठवायचा भावाशी फोनवर नुसता विषय निघालेला." म्हणजे आईंनी ऐकलेलं. आणि मला का नाही सांगितलं? एवढ्याशा घरात काय लपणार होतं?

आईंच्या समोरच त्याला म्हटलं, "आई कुठेही जाणार नाहीत." आवाज चढला माझा. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. ते आत्ताही टोचतंय. मी उगाच त्या चिरलेल्या कोपऱ्यावर पॉलिश पेपर घासत बसले.

आई पेटीत डोकावून म्हणाल्या, "झाकणही कर गं तिला. साड्यांवर धूळ बसते."

झाकण कसं करतात, मला काही माहीत नाही.