काचेच्या नळीतली वीस मिनिटं

प्रिय भारत,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी भीती वाटते. दोन वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. फोनवर सांगायला गेले असते तर मधेच रडले असते, म्हणून कागद घेतला. माझ्या आईला, याडीला, गेल्या आठवड्यात मंगळवारी साप चावला. घाबरू नकोस, सावकाश वाच.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही दोघी वावरात कापूस वेचत होतो. धुऱ्यावर, बांधाच्या गवतात तिचा पाय पडला. ओरडली नाही, नुसतं म्हणाली, "बबिता, चावलं वं मले." घोणस होती, हातभर लांब, अंगावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा. मी तांड्यातली पहिली पदवीधर, बीएस्सी. शाळेत असताना कुठंतरी वाचलेलं आठवलं आणि ओढणी काढून तिच्या पोटरीवर होता नव्हता तो जोर लावून आवळली. तांड्यावर आणलं तर गुलाबसिंगमामांनी कडुलिंबाचा पाला आणि हिरवी मिरची तिच्या तोंडात कोंबली. आपल्याकडचं हे तुला सांगायला नको; पाला कडू आणि मिरची तिखट लागली, की विष चढलं नाही असं समजायचं. याडीनं तोंड वाकडं केलं, "कडू झेर हाय हो!" सगळ्यांच्या जिवात जीव आला. मामा म्हणाले, "झालं, इख नाही भिनलं. चहा टाका." भारत, त्या चहाला मीही थांबले. चांगला अर्धा तास. मग याडी थुंकली आणि थुंकीत रक्त दिसलं.

बानं शेजाऱ्यांची पिकअप काढली, मामाही सोबत चढले. तुला माहीत आहे ते ग्रामीण रुग्णालय, उमरखेडच्या रस्त्यावरचं. एसटीच्या खिडकीतून मी ते शेकडो वेळा पाहिलं असेल, पण ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही त्यांची ती जागा, यापलीकडे कधी विचार केला नव्हता. तातडीचा विभाग म्हणजे एक लांबट खोली. तीन खाटा, एक सिलिंडर, औषधांचं लोखंडी कपाट. दारातच नर्सच्या पांढऱ्या गणवेशात एक चाळिशीचा माणूस उभा होता, त्याला सगळे उकंडा ब्रदर म्हणत होते. पिकअप थांबायच्या आत त्यानं याडीचं मनगट हातात घेतलं होतं. "मावशी, साप कसा होता?" याडी म्हणाली, "सापासारखा होता. मले काय त्याचं लगन लावाचं होतं का, नीट पाहाले?" तो हसला. "बोलून राह्यली, बरं हाय. असंच बोलत राह्य." आणि हसतहसतच त्याची नजर तिच्या हिरड्यांवर, डोळ्यांवर, सुजलेल्या पायावर फिरून आली.

ओढणी दिसताच त्यानं विचारलं, "हे कोनं बांधलं?" मामा छाती फुगवून म्हणाले, "आमची बबिता. बीएस्सी झाली." तो मला रागावला नाही. डॉक्टरला हाक मारली, ती आल्याशिवाय गाठीला हात लावला नाही. डॉक्टर सुरभी माझ्याच वयाची असेल. दोघांमध्ये चार शब्दही झाले नसतील. त्यानं याडीच्या हातातून थोडं रक्त घेतलं, एका कोरड्या काचेच्या नळीत घातलं, ती नळी खिडकीच्या कट्ट्यावरच्या लाकडी ठोकळ्यात उभी केली आणि घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं. तवापर्यंत कोनी हात लावाचा नाही." घोणसीच्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. वीस मिनिटांनी नळी आडवी करायची. रक्त जागचं हललं नाही तर ठीक. वाहिलं, तर विष रक्तात आहे. पाला आणि मिरचीवर विसंबलेल्या आम्हाला त्यानं हे दोन वाक्यांत समजावलं. नळी कधी साबणानं धुवायची नाही म्हणे, नाहीतर ती खोटं बोलते. मामांना राहवेना, ते वाकून नळी उचलायला गेले. ब्रदर म्हणाला, "मामा, तिथं देव बसला समजा. पाया पडा, पन हलवू नका." मामांनी खरंच हात जोडले.

ती वीस मिनिटं कशी गेली, ते सांगायलाच बहुधा हे पत्र आहे. मी नळीकडे बघत होते. तो मात्र बसला नाही. याडीला सलाईन लावली. शेजारच्या खाटेवर दम्याचे एक आजोबा होते, त्यांच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क नीट केला. आजोबा कानकोंडे होऊन काहीतरी पुटपुटले, तर त्यानं पडदा ओढला आणि लघवीचं भांडं घेऊन आत गेला. पडद्याआडून त्याचा आवाज येत होता, "औंदा बोंडअळी लयच हो बुढाबा, तुमच्याकडं कसं काय?" आजोबा अळीला शिव्या द्यायला लागले. त्या शिव्यांच्या नादात त्यांची लाज गेली, काम झालं, आणि तो भांडं झाकून, हात स्वच्छ धुऊन परत याडीजवळ आला.

भारत, पुसदच्या बसस्टँडवर मी तुला काय म्हणाले होते, ते तू विसरला नसशील. "जन्मभर लोकांची भांडी उचलशील. उद्या कोणी नवरा काय करतो विचारलं, तर ब्रदर म्हणून सांगू का?" तू पिशवी उचललीस. यवतमाळची गाडी लागली होती, तीत जाऊन बसलास. मला वाटलं, विषय संपला.

वीस मिनिटं झाली. खोलीतला पंखासुद्धा थांबल्यासारखा वाटला. ब्रदरनं नळी दोन बोटांत धरून हळूच आडवी केली, आणि माझ्या आईचं रक्त पाण्यासारखं काठापर्यंत वाहत आलं. बा खाली बसला. डॉक्टर म्हणाली, "दहा." ब्रदरनं सापाच्या विषावरच्या औषधाच्या दहा बाटल्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्या शेजारी भरून ठेवलेली एक वेगळी सुईसुद्धा. औषध सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच याडी थडथड कापायला लागली, अंगभर गांधी उठल्या, श्वास घुरघुरायला लागला. मी किंचाळले. औषधच तिला बाधलं होतं; त्यानं ते बंद केलं, डॉक्टरनं मान हलवली, आणि ती भरलेली सुई तिच्या मांडीत गेलीसुद्धा. सुईची गरज पडेल हे त्याला माहीत नव्हतं. पडू शकते, एवढंच माहीत होतं, आणि तेवढ्यासाठी ती तयार होती. इतकी तयारी मी माझ्या कुठल्याच परीक्षेची कधी केली नाही.

श्वास परत जागेवर आला, औषध पुन्हा हळूहळू सुरू झालं. मग त्यानं डॉक्टरसमोर ओढणी सैल केली. एकदम नाही, थोडी थोडी करत. मला म्हणाला, "शिकलेले लोक लय घट्ट बांधतात, ताई. पाय सडला असता." मी मान खाली घातली. "अवो, पन आनलं ना तिले इथं? बस झालं." संध्याकाळी पुन्हा नळी भरली, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी आडवी केल्यावर रक्त बुडाशी घट्ट बसून राहिलं, जरासुद्धा हललं नाही. एवढी सुंदर गोष्ट मी आजवर पाहिलेली नाही. याडी म्हणाली, "माह्या कापसाचं बोचकं धुऱ्यावरच राह्यलं." बा हसता हसता रडायला लागला.

ती शुक्रवारी घरी आली. आता खरं सांगते, पत्र का लिहिलं. रविवारच्या बाजारात तुझी बहीण भेटली. म्हणाली, तुझी तिसरी सोयरीकही मुलगा ब्रदर आहे म्हणून मोडली, आणि तू राजीनामा लिहून ठेवला आहेस. एक तारखेपासून लोहाऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर. त्या तीन नकारांतला पहिला माझा होता. तिकडच्या तुझ्या दवाखान्यात कोणाची तरी आई अशीच येणार आहे, आणि दारात तू नसशील, या विचारानं मला चार दिवस जेवण गेलेलं नाही. तुझ्या कामाला दिलेला नकार मी मागे घेते, माफी मागून. तुला दिलेल्या नकाराचं तू विचारलंस तर सांगेन, विचारलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. बाला मी सगळं सांगितलं आहे. तो म्हणाला, "रीत पोराकडच्यांनी यायची, पण मीच जातो त्याच्या तांड्यावर, पोरीचा बाप गेला तर काय बिघडलं?" मीच त्याला थांबवलंय, तुझं उत्तर येईपर्यंत. उत्तर काहीही दे. फक्त एक तारखेला सकाळी दवाखान्यातल्या ड्युटीवर जा.

दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेलं,
तुझीच,
बबिता