सरांचं पंधरा

दि. १४, गुरुवार दुपार

प्रिय अक्का,

इथूनच वाकून नमस्कार. खरोखर वाकायला मला सध्या मनाई आहे, तेव्हा या खेपेला तो मनातल्या मनात धरून घे. अक्षर वाकडं दिसेल. उशीला टेकून लिहितोय.

तुझं पत्र मिळालं. लिफाफा बघूनच कळलं की तू चिडली आहेस. खुशीत असलीस की तू फोन करतेस. तू लिहिलंस की पोरगी हल्ली फोनवर धड बोलत नाही, बोलता बोलता गप्प होते, दोनदा तर रडली. थोडक्या मार्कांनी हुकली म्हणून काय झालं, डॉक्टर व्हायच्या लायकीची पोर मी माझ्या लॅबच्या वर्गात रक्ताच्या नळ्या हलवायला बसवली, तिचा इथे जीव रमत नाही, आणि महिनाअखेर येऊन तू तिला घेऊन जाणार.

घेऊन जायचा हक्क तुझा आहे, मी मामा म्हणून फार तर तोंड पाडून उभा राहीन. पण आधी हे पत्र वाच. ओळीनं वाच. दोन ओळी वाचून शेवट बघायची तुझी सवय मला पाठ आहे.

तुझ्या लेकीला इथे वर्गात वकीलबाई म्हणतात. पहिल्याच आठवड्यात बारसं झालं. मी म्हटलं की उष्ण जागी ठेवलेला नमुना खराब होतो, तर हिनं विचारलं, "किती वेळात खराब होतो, सर?" मी म्हटलं, लवकर. तर म्हणते, "लवकर म्हणजे किती?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "घ्या, उलटतपासणी सुरू झाली." तेव्हापासून वकीलबाई. तिला राग येत नाही. तू लहानपणी माझे पाढे घेताना अशीच मानगुटीवर बसायचीस, म्हणून मलाही येत नाही.

वर्गात मी 'सर' आणि घरी 'मामा', हा तिचा माझा करार. तो तिनं कसोशीनं पाळला. एकदाच मोडला, त्याचीच ही गोष्ट.

आमच्या वर्गात सोमवारची एक पद्धत आहे, मीच पाडलेली. विद्यार्थ्यांना हात बसवायचा तर उत्तर माहीत असलेला नमुना हवा. तो आणायचा कुठून? मी बाही वर करतो. दर सोमवारी पाळीपाळीनं एकजण माझं रक्त काढतो, ते मशीनवर लावतो, आलेला आकडा हातानं वर्गाच्या संगणकात भरतो आणि रेघ पुढे नेतो. आकडेशास्त्र मी असंच शिकवतो. पुस्तकातला कुणीतरी काल्पनिक इसम घेण्यापेक्षा समोर बसलेला टकलू बरा. माझं हिमोग्लोबिन पंधरा. वर्षानुवर्षं पंधरा. जाणारी मुलं येणाऱ्या मुलांना सांगून जायची, "सरांचं पंधरा असतं, लक्षात ठेव. वेगळं आलं तर नळी नीट हलवली नाहीस म्हणून बोलणी खाशील." आणि मी खरंच बोलायचो. रक्त नळीत स्थिर राहिलं की लाल पेशी खाली बसतात, नळी हलक्या हातानं उलटसुलट केली नाही तर आकडा चुकतो. बाटल्या धुण्यापासून सुरुवात केलेला माणूस मी, नळी कुणी हलवली आणि कुणी नुसती मिरवली हे मला पाठमोरा असलो तरी आवाजावरून कळतं.

बाहेरचे पाहुणे आले की मी त्यांना ती रेघ दाखवायचो. कशी सरळ, कुठे उंचवटा नाही की खळगा नाही. म्हणायचो, बघा, हात असे तयार होतात आमच्याकडे.

तर एका सोमवारी वकीलबाईची पहिली पाळी आली. आमचं रक्तपेशी मोजायचं मशीन जुनं आहे, पोरं त्याला म्हातारी म्हणतात. म्हातारी घरघरली, खोकली, आकडा दिला. ही म्हणाली, "तेरा पॉइंट चार."

"नळी हलवलीस?"

"हो, सर."

"हलवलीस की झोपाळ्यावर बसवलीस? परत कर."

वर्ग हसला. तिनं परत केलं. माझे कान तिच्या हाताकडे होते, अक्का, आणि नळी अगदी नेटकी हलत होती. तरी आकडा आला तेरा पॉइंट चारच.

"म्हातारीला भ्रम झालाय," मागून एक पोरगा म्हणाला.

"मग सकाळी कंट्रोलच्या बाटलीचा आकडा बरोबर कसा आला?" हिनं विचारलं. ती बाटली म्हणजे मशीनची रोजची परीक्षा, तिचं उत्तर कंपनीनंच छापून दिलेलं असतं. "आणि आज आपण एकमेकांचं रक्त लावलं, त्यातलं कुणाचं हललं नाही. म्हातारी फक्त सरांच्या वेळेलाच भ्रमते का?"

मी काय म्हणालो सांगू? "पुरुषाचं तेराच्या वर म्हणजे नॉर्मलच आहे ना? भर आकडा, पुढे चल." हे मी म्हणालो. पहिल्या तासाला जो माणूस चपलेचं उदाहरण देतो तो. दुकानात सहा ते दहा सगळे नंबर मिळतात म्हणून आठ नंबरच्या पायाला सहाची चप्पल चालेल का, असं दरवर्षी नव्या पोरांना विचारून टाळ्या घेणारा तो.

तिनं तेरा पॉइंट चार भरला. सरळ रेघेखाली तेवढा एकच ठिपका लोंबत राहिला. पोरांनी तिची टिंगल केली.

मधल्या सुट्टीनंतर मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलो होतो. भिंत पातळ आहे आणि माझे कान तुला माहीत आहेतच. ऐकलं ते लिहितो.

"मागच्या सोमवारी तुला किती आलं होतं?" वकीलबाई.

"पंधरा भरलंय की."

"भरलेलं नाही विचारत. आलेलं विचारते."

मग तोच भ्रमवाला पोरगा म्हणाला, "तेरा पॉइंट सहा. पण माझाच हात कच्चा आहे ना."

"मग पंधरा का भरलंस?"

"सरांचं पंधराच असतं गं."

मग दुसरी मुलगी म्हणाली, तिला आधी चौदाच्या आत आलं होतं. तिसऱ्यालाही तसंच. प्रत्येकाला वाटलं होतं की चूक एकट्या आपल्याच हाताची, आणि प्रत्येकानं ती गुपचूप पुसून पंधरा लिहिलं होतं. आता कळलं, माझी ती सरळ रेघ कशी सरळ राहिली होती ते. म्हातारी दर सोमवारी खरं बोलत होती आणि आम्ही तिला गप्प बसवत होतो.

मी उठून आत जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

तिनं मशीनच्या पोटातले सगळे जुने आकडे बाहेर काढले. पोरं संगणकात काहीही भरोत, म्हातारी स्वतःचं सगळं जपून ठेवते. त्यांची नवी रेघ काढली. मग दार उघडून मलाच बोलावलं. सगळा वर्ग उभा होता. ती रेघ पायऱ्यांवरून एकेक पाऊल खाली उतरावं तशी उतरत आली होती. पंधरा, चौदाच्या वर, चौदाच्या आत, तेरा पॉइंट चार. पेशींचा आकारही तसाच बारीक होत आलेला.

"म्हातारी शहाणी आहे, मामा," ती म्हणाली. वर्गात, सगळ्यांसमोर, मामा. "हे तुम्ही आहात."

मी म्हटलं, "नॉर्मलमध्ये आहे गं अजून."

"दुकानातली चप्पल आहे. तुमची नाही." मग हळू आवाजात म्हणाली, "जिना चढताना मध्येच का थांबता हल्ली?"

"नोटीस वाचायला."

"तीच नोटीस महिनाभर?"

अक्का, माणसाची सगळी हुशारी एका प्रश्नात संपते ती अशी.

इथे थांबतो. नर्स आली आहे, ती फार कडक आहे.

संध्याकाळी, पुढे चालू

आता तुझ्या लक्षात आलं असेल की मी घरातून लिहीत नाहीये. आमच्याच इस्पितळात, वर्गाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर आहे. मी फोन उचलत नव्हतो आणि हिनं तुला सांगितलं की मी परीक्षांच्या कामात आहे. ते तिनं माझ्या सांगण्यावरून सांगितलं, तिच्यावर चिडू नकोस.

रक्त कुठेतरी थोडं थोडं गळत होतं. आतड्यात गाठ होती, ती काढली. परवा तिचा अहवाल आला. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत, गाठ बाहेर कुठे पसरलेली नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई फार कमी बोलतात. त्यांनी विचारलं, "तुम्हाला त्रास तर काही नव्हता, पाठवलं कुणी?" मी म्हटलं, पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं. त्यावर म्हणाल्या, "वर्षभरानं आला असतात तर मी तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलले असते." आवाजातला फरक मला कळतो हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

आता तिच्या रडण्याबद्दल. पहिल्या दिवशीच आम्ही मुलांकडून वदवून घेतो की रुग्णाची गोष्ट खोलीबाहेर न्यायची नाही, घरी तर नाहीच. ही माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आईला सांगू?" मी म्हटलं, "रुग्ण नको म्हणतोय." ती म्हणाली, "रुग्ण मूर्ख आहे." आणि गप्प बसली. तू फोनवर विचारायचीस, मामा कसा आहे, आणि तिला परीक्षांचं कारण पुढे करावं लागायचं. ती दोनदा रडली ती माझ्यामुळे, नळ्यांमुळे नाही. तुझ्याशी खोटं बोलणं तिला झेपत नव्हतं आणि माझं खरं सांगता येत नव्हतं. या पत्रानं मी तिला मोकळं करतोय. पत्र मिळेल त्या रात्री फोन कर, बघ किती बोलते ती. तुला झोपू देणार नाही.

तुला का सांगितलं नाही, ते तुला कळलंच असेल. तरी लिहितो, कारण ते सोडून सगळं लिहिण्यात माझी अर्धी दुपार गेली. आपली आई आठव. कशी पांढरी पडत गेली, पायरीवर बसून दम घ्यायची, आणि सगळे म्हणायचे की कामाचा शीण आहे. तिचं सगळं तू केलंस, मी लहान होतो, नुसता ऐकायचो. तिचा श्वास अजून माझ्या कानात आहे. तिची रेघ काढायला कुणी नव्हतं, अक्का. मलाही 'शीण आहे' म्हणायला सगळा वर्ग तयार होता, मी स्वतः सगळ्यांच्या पुढे. त्यात एकटी तुझी पोर उभी राहून म्हणाली की जे आलं ते मी भरणार.

एवढी वर्षं मी शिकवतोय. चांगल्या हाताची पोरं पुष्कळ तयार झाली, मोठमोठ्या ठिकाणी लागली, कधी पेढ्यासारखं गोड बोलणारी पत्रंही येतात. पण सगळ्यांचं उत्तर एक आणि आपलं वेगळं, समोर गुरू हसतोय, अशा वेळी आपला ठिपका आपल्या जागी ठेवणारी मी ही पहिलीच पाहिली. हे मी शिकवलेलं नाही. हे ती घरून घेऊन आली आहे. तेव्हा माझी छाती जेवढी फुगली आहे, टाके आहेत म्हणून बेतानंच, तेवढीच तूही फुगवून घे.

वर्गात आता नियम बदललाय. मशीनचा आकडा थेट संगणकात जातो, हातानं भरणं बंद. आणि माझी जुनी सरळ रेघ पोरांनी भिंतीवरून काढली नाही, तिच्याशेजारी खरी उतरती लावली आहे. खाली कुणीतरी लिहिलंय, 'दोन्ही सरांच्याच.' भ्रमवाल्या पोराचं अक्षर आहे.

मी काही दिवस कुणाचं प्रमाण होऊ शकत नाही, त्यामुळे सोमवारी बाही तुझी लेक वर करते. तिचं तेरा पॉइंट एक येतं. या सोमवारी खालून तिचा आवाज आला, "मला तेरा पॉइंट एकच यायला पाहिजे असं काही नाही. जे येईल ते सांगा." मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकलं आणि नर्सला म्हटलं, ही माझी भाची. नर्स म्हणाली, "सकाळपासून तिसऱ्यांदा सांगताय."

आता मुद्द्याचं. महिनाअखेर तू ये, जरूर ये. रागानं आलीस तरी चालेल. डॉक्टरीणबाईंनी मला बजावून सांगितलंय की आईचं तसं आणि माझं असं झाल्यावर सख्ख्या बहिणीनं तपासून घ्यायलाच हवं, आतून सुद्धा. ते त्या बघतील. त्याआधी रक्त. पोरीनं त्याची तयारी करून ठेवली आहे, मला न विचारता. तुला सुईची भीती आहे हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मी बोलत राहीन, तिला कळणार नाही."

मग तिला घेऊन जायचं की ठेवायचं ते तिचा हात बघून ठरव. सोमवारीच ये. सैल बाहीचं काहीतरी घाल.

आणि दम लागत असेल तर नोटीस वाचतेय असं मला सांगू नकोस.

तुझा धाकटा,
सध्या अकरा पॉइंट दोन, आणि चढता