काशिनाथच्या रंध्यावरचे लेबल

बुधवार, ३ सप्टेंबर

सकाळी केडगावहून संजय आला. कै. काशिनाथ सुताराचा मुलगा. वडिलांचा मोठा रंधा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून आणला होता. काशिनाथला जाऊन दीड वर्ष झाले. भिंगारच्या त्याच्या दुकानात हा रंधा त्याच्या हाती नाही, असा दिवस मला आठवत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर पाते परजायला मी त्याच्याच शेजारी बसून शिकलो.

संजय दसऱ्याला फर्निचरचे नवे दुकान उघडतो आहे. सारे काम यंत्रावर. दर्शनी भागात काचेची पेटी ठेवायची आणि तीत हा रंधा.

"सर, पार नवाकोरा करून टाका. पुढं ते लेबल हाय, ते दिसतच न्हाई. मी सोनेरी छापून आणतो."

लेबल छापायचे नाही, जे आहे तेच राखायचे, असे मी त्याला स्पष्ट सांगितले.

"पण दिसतच न्हाई ना सर!"

"दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे."

सौ. आतून म्हणाली, "झालं. आता रंध्याची वही तपासायला घेतली!"

शुक्रवार, ५ सप्टेंबर

पाहणी. अंग शिसवीचे, तळ एका बाजूने किंचित झिजलेला (काशिनाथ डावीकडे जोर देत असे). पाते उत्तम. पाचर मागाहून बसवलेली, तीही त्याच्याच हातची.

लेबल रंध्याच्या नाकावर, म्हणजे पुढच्या उभ्या बाजूवर आहे. त्यावर काळपट, जाड लेप. तेल, भुसा आणि मळ. उजव्या कडेला नखाएवढा कागद उघडा आहे आणि त्यावर एक काना स्पष्ट दिसतो.

पूर्वी दुरुस्त केलेल्या एकोणीस हत्यारांपैकी एकावरही मी नवे लेबल लावलेले नाही. ज्याने हत्यार घडवले त्याचे नाव त्याच्याच कागदावर राहिले पाहिजे. नवे छापले की ते त्याचे नाव राहत नाही. ती आपली नक्कल होते.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज लेप काढायला प्रारंभ. आधी कोमट जवसतेलाने भिजवला, मग कापसाच्या बोळ्याने, तसूभरही घाई न करता. तीन तासांत रुपयाच्या नाण्याएवढी जागा मोकळी झाली.

विचित्र गोष्ट. काळ्याखाली तांबडे निघाले, त्याखाली पिवळे, पुन्हा तांबडे. थरावर थर. कोणे एके काळी लाकडाला दिलेला रंग असावा.

सौ.ला खोलीत येऊ दिले नाही. वाऱ्याने कागद उडाला तर...

रविवार, १४ सप्टेंबर

लेबल निघाले!

वर करवतीचे छोटे चित्र. खाली : "…कर आणि बंधू, भिंगार". त्याखाली बारीक अक्षरांत "शिसवीची खात्रीची हत्यारे". पहिली अक्षरे कायमची गेली आहेत. जोडाक्षरांचे ठसे काय सुबक! हे बंधू कोण, आज भिंगारमध्ये कोणालाही सांगता येणार नाही. तरी येथे कोणी एके काळी हत्यारे घडवून त्यांवर मराठीत नाव लावीत होते, एवढे सिद्ध झाले.

संजयला छायाचित्र पाठवले. त्याचा फोन : "भारी सर! पुढची अक्षरं गेलीत तिथं कायतरी टाकून देऊ ना."

"काहीतरी" टाकता येत नाही, असे सांगून फोन ठेवला. दिवसभर प्रसन्न होतो. जेवताना दोनदा वाढून घेतले.

गुरुवार, १८ सप्टेंबर

संजयबरोबर त्याच्या आई, पार्वताबाई, आल्या. मी रंधा पांढऱ्या कापडावर मांडून ठेवला होता. नाक त्यांच्याकडे केले. कौतुकाची अपेक्षा होती, हे प्रामाणिकपणे लिहितो.

त्यांनी लेबलाकडे पाहिलेच नाही. लाकडावरून बोट फिरवले, रंधा उलटा करून पाहिला, पुन्हा सरळ केला.

"गुरुजी, हितलं कुंकू कुठं गेलं?"

मला कळेना. मग त्यांनीच सांगितले. दर खंडेनवमीला काशिनाथ या रंध्याच्या नाकावर अंगठ्याने हळदीकुंकू लावीत असे. जुने पुसायचे नाही, त्यावरच नवे लावायचे. लग्नाच्या वर्षापासून.

"आई, मळ हुता गं तो," संजय म्हणाला.

"तू गप. तुला मळच दिसनार."

मग माझ्याकडे न पाहता, अगदी हळू : "माझं पुसलं, ते पुसलं. ह्याचं तेवढं ऱ्हायलं हुतं, गुरुजी. ह्यांचा अंगठा हुता त्यात."

संजय म्हणाला, त्यात काय एवढं, नवीन लावू. नवे म्हणजे नक्कल, हे मीच लिहिले आहे. माझेच उत्तर मला त्याच्या तोंडावर फेकता येईना.

पार्वताबाई चहा न घेता गेल्या. रंधा येथेच राहिला. ते गेल्यावर खोलीतला डबा पाहिला. कापसाचे बोळे सोमवारीच घंटागाडीत गेले.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सौ.ला विचारले, तुला ठाऊक होते काय?

"न ठाऊक असायला काय झालं? नवमीला त्यांच्याकडे आपण प्रसादाला जायचो की. मी आत पूजेपाशी असायची. तुम्ही बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत."

"मग सांगितले का नाहीस?"

"दार लावून कोण बसलं होतं?"

जुन्या टिपणांची वही काढून बसलो.

एकोणीस हत्यारे झाली. त्यांतल्या किती नाकांवरून मी काय काय पुसले असेन? मळ म्हणून. टिपणांच्या वहीत "लेप काढला" एवढेच आहे. सर्वत्र.

बुधवार, २४ सप्टेंबर

दोन दिवस उपाय शोधला आणि सापडला असे वाटले. लेबलावर चपडा लाखेचे दोन पातळ हात द्यावेत. कागद बंद होईल. वरून कुंकू लावले तरी आत झिरपणार नाही. पुढे कोणाला लेबल पाहायचे झाले तर कुंकू अलगद पुसता येईल. दोन्ही गोष्टी राहतील.

दुपारी केडगावला गेलो. पार्वताबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. सून घरात. मी उपाय सविस्तर समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजी पुसता यावं म्हनून लावायचं?"

"तसे नव्हे, पण..."

"पुसता येईल आसं कुंकू कोन लावतं, गुरुजी?"

एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाल्या, "आन लावनार कोन? ज्याच्या हातात रंधा त्यानंच लावायचं आसतं. मी काय लावनार न्हाई. संजयच्या हातात तर निस्तं बटन."

आतून सून हसली. "आत्या, तेबी पुजत्यात की. मशीनला हार घालत्यात."

"घालू दे. रंध्याचं काय?"

मी निघण्यासाठी उठलो, तेव्हा त्यांनी एकदम विचारले, "तुमी शिकला ना ह्यांच्याकडं?"

हो म्हणालो.

"अजून चालवता?"

कधी कधी चालवतो, हेही खरेच सांगितले.

"मंग तुमीच लावा. ते लाखबिख काय नको. नवमीला येते मी."

बसथांब्यापर्यंत दाणे मुठीतच होते.

रविवार, २८ सप्टेंबर

लाख लावलेली नाही. कागद उघडाच आहे. त्यावर ओले कुंकू पडले की तो रंग पिणार. एकदा प्यायला की परत नाही. "बंधू"चा धकार आधीच अर्धा आहे.

नाकाच्या रिकाम्या कोपऱ्यात, लेबलाला न लागता, लावता येईल काय? मोजून पाहिले. डाव्या कडेला अंगठ्याच्या निम्मी जागा आहे. सौ. म्हणाली, "करंगळीनं लावा मग!" चेष्टा होती, तरी मी क्षणभर विचार केला. लाज वाटली.

आज त्या रंध्याने सागाची एक फळी साफ केली. तो काशिनाथच्या सवयीने डावीकडेच ओढतो. मला ते दुरुस्त करता आले असते. केले नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

सौ.ने पाट मांडला, रांगोळी काढली. करवत, पटाशा, हातोडी आणि मधोमध रंधा. पार्वताबाई नऊला आल्या. संजय गाडीतच बसून फोनवर बोलत होता, पेटीवाल्याशी बहुधा.

मी त्यांना आधीच सांगितले : हा कागद रंग पिईल. अक्षरे जातील. परत येणार नाहीत.

"ह्यांनी कधी इचारलं हुतं का कागदाला?"

"त्याला लेबल आहे हे ठाऊक होते?"

"न ठाऊक आसंल? रंधा इकत घेतला तवा मला वाचून दाखवलं हुतं."

"मग पहिली अक्षरे कोणती होती?"

"ते कुठं ध्यानात ऱ्हातंय. वाचताना ते हसत हुते, येवढं ध्यानात हाय."

अंगठा बुडवला. आधी हळद, मग कुंकू. लेबलाच्या मधोमध. ठसा वाकडा आला. पार्वताबाईंनी वाकून बराच वेळ पाहिले.

"ह्यांचा अंगठा मोठा हुता," एवढेच म्हणाल्या. मग दोन्ही हात जोडले. आज चहा घेतला.

जाताना दारात : "पेटीत नका देऊ, गुरुजी. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. कामाचं हत्यार हाय, कामाला लावा." बरे, म्हणालो.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

कुंकू वाळले. "आणि" पूर्ण झाकला गेला, "बंधू" निम्मा. करवतीचे चित्र आणि "भिंगार" शाबूत. रंग कडेने कागदात पसरला आहे. किती पसरेल ते सांगता येत नाही.

सकाळी संजयचा फोन. सहाला उद्घाटन, काचेची पेटी आली, आत दिवाही बसवला. "सर, येताना रंधा घेऊन या. आईचं मी बघतो. बापाचं एवढं एकच हाय माझ्याकडं दाखवायला." आवाजात नेहमीची घाई नव्हती. मी बरे, म्हणालो.

दोघांनाही बरे म्हटले आहे.

साडेचार झाले. सौ. इस्त्रीची साडी नेसून तयार आहे. रंधा टेबलावर आहे. शेजारी ते धोतराचे फडके, घडी करून.