दादाच्या नावाची ट्रंक

४ जुलै
जॉइनिंग लेटर आलं! मद्रास. फौजेत बायकांना अफसर म्हणून आत्ता कुठे घ्यायला लागलेत, त्यात मी. बाबांनी दोनदा वाचलं. इंदूरची मिल बंद झाल्यापासून त्यांना वेळच वेळ. सोबत यादी: दागिने नाहीत, केस कॉलरच्या वर, ट्रेनिंग संपेपर्यंत लग्न न करण्याचा बाँड. आई म्हणाली, "लग्नाचं कोण विचारतंय, धावून धावून काळी ठिक्कर झाली!" शेवटची ओळ: काळी लोखंडी ट्रंक, पांढऱ्या रंगात नाव. तिथे बाबांनी कागदाची घडी घातली.

५ जुलै
ट्रंक घरात आहे. आजोबांची, महूच्या पलटणीतली. तिच्यावर मिलिंददादाचं नाव. अफसरकीच्या मुलाखतीला जायच्या आधीच रंगवून घेतलं होतं त्यानं, पुढे 'सेकंड लेफ्टनंट' लावून. कोण करतं असं? पण फौजेतलं घराणं, सगळ्यांनाच खात्री. त्याला परत पाठवलं. आल्याच्या दुसऱ्या सकाळी घरातून निघाला तो निघालाच. दोन वर्षं झाली.
आई म्हणते, हीच ट्रंक ने, पण नाव खरवडायचं नाही. आता बोला.

८ जुलै
भंवरकुआंच्या फौजभरतीच्या क्लासवर रिटायर्ड मेजर साहेबांना भेटले. विचारलं, तिथे मुलींचं कसं असतं? "बेटी-वेटी घर पे। लड़का जितना दौड़ेगा, उतना तुम। रोना हो तो नहाते वक्त रो लेना।" बरं वाटलं ऐकून.
बाहेर आले तर सांवेरच्या बसमध्ये, खिडकीशी दादा. बसमागे धावले, चौकापर्यंत. दुसराच कुणी होता. या महिन्यातला तिसरा.

११ जुलै
लिहून टाकते. कुणाला सांगितलेलं नाही.
तो नापास होऊन आला त्या संध्याकाळी मी गल्लीत, सगळ्यांसमोर, टाच आपटून सलाम ठोकला. "पधारो लेफ्टनंट साहेब, ट्रंक तयार आहे!" पोरं खिदळली. तोही हसला. घरचे म्हणतात, नापास झाला म्हणून गेला. नाही. माझ्या जिभेला हाड नाही म्हणून गेला. पोळी तव्यावर टाकते आणि त्याचं ते हसणं समोर येतं. पोळी करपते.

१४ जुलै
स्नेहलतागंजमधला पेंटर. मिलमध्ये बाबांच्याच खात्यातला, आता पाट्या रंगवतो. "खरवडू का भिया?"
बाबा म्हणाले, "नको. वरूनच काळा मार."
दोन हात मारले, वर माझं नाव. वाळल्यावर तिरकं पाहिलं की खालची अक्षरं दिसतात. आई येता-जाता त्यांवर बोट फिरवते. मला बघवत नाही.

१९ जुलै
उद्या गाडी. आईनं बुद्धवंदना म्हटली, मग दादाचा फोटो माझ्या हातात दिला. "शिपाई म्हणून तरी लागला असेल गं कुठं. तू अफसर होणार, तुला कोण नाही म्हणेल? विचार तिथल्या साहेबांना." त्या सलामाचं सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

६ ऑगस्ट, मद्रास
केस गेले. टाचांना फोड. इथे नाव नाही, नंबर. सुटल्यासारखं वाटतं. पण दिसेल त्या जवानाचा चेहरा बघते. परेडला मान वळली म्हणून ड्रिलच्या उस्तादनं रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. "किसको ढूँढ रही है?" काय सांगू!

१३ ऑगस्ट
बाबांचं पत्र. आई रोज विचारते म्हणे, साहेबांशी बोलली का.
धीर करून कॅप्टन साहेबांकडे गेले. ओरडले नाहीत. "अर्ज़ी दो। कब गया, क्यों गया, सब सच लिखना।"
'कब' लगेच लिहिलं. 'क्यों'पुढे लिहिलं, मुलाखतीत नापास. खोडलं. मग खरं लिहिलं. सलामासकट, स्वतःचं नाव घालून.
साहेबांनी वाचलं. मग म्हणाले, "इस पर पिताजी के साइन लगेंगे।"

१४ ऑगस्ट
अर्ज दुपारच्या टपालानं इंदूरला गेला. चार-पाच दिवस लागतील.
आमच्याकडे आलेला कागद बाबा मोठ्यानं वाचतात. आई समोर बसून ऐकते.