मुदत उलटल्यावर

नाँग खाय, थायलंड
९ फेब्रुवारी २०१८

ती. इंगेबोरताईस,
शि. सा. न. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तुला बोलणं आटोपतं घेता येत नाही, म्हणून पत्रच बरं.

भातलावणीच्या दिवसांत खम्पेंगला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नदीवरचा पूल ओलांडून लाओसला जायचं, नवा व्हिसा घेऊन परत यायचं, अशी माझी इथली वर्षं गेली. पण त्यात दोन-तीन दिवस मोडतात, आणि तिला पाणी पाजायलाही मीच. एक फेरी चुकली. मग मुदत उलटून इतके दिवस झाले, की जायचीच भीती वाटू लागली. तिचा नवरा कधीचा बँकॉकला परागंदा झालाय. घटस्फोट नाही, त्यामुळे कागदोपत्री मी तिचा कोणीच नाही. हल्ली पोलीस दिसला की मी बाजारातून उलटा फिरतो. हसू नकोस.

लोभ इतक्या लांबून पोचतो, तो पोचता ठेव.
तुझा एस्किल

रिबे, डेन्मार्क
२६ फेब्रुवारी

चि. एस्किलला,
अनेक आशीर्वाद. हसले नाही. लहानपणी शाळा चुकवून गोठ्यात लपायचास, तसाच अजून लपतोयस.

वकीलबाईंना विचारून आले. आपण होऊन सीमेवर हजर झालास, तर वर्षभर थायलंडमध्ये पाऊल टाकता येणार नाही. पकडला गेलास, तर पाच वर्षं. पाच वर्षांनी ती असेल का, आणि तू तरी असशील का? तिच्या भाचीला, वानला, घरी राहायला बोलव आणि जा. ते वर्ष इथे काढ. तुझे दाजी हेल्गे गेल्यापासून वरच्या मजल्यावर मी दिवासुद्धा लावत नाही.

रागावले तरी तुझीच,
इंगेबोर

था द्या, लाओस
१७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. गेलो एकदाचा. पुलावरचा अधिकारी पोरगेलासा होता. मला काका म्हणाला, उशीर का झाला ते विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घालून बंदीचा शिक्का मारला.

निघताना खम्पेंगला तीनतीनदा समजावलं, की वर्षाने येतो. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं, ते मी दाराबाहेर पडेपर्यंत वळवलं नाही. तिला काय कळलं, देव जाणे.

रिबेला येत नाही, राग मानू नकोस. नदीकाठी खोली घेतली आहे. समोर नाँग खाय दिसतं. आमचं घर आत गल्लीत, ते दिसत नाही. इथलीही मुदत थोडीच आहे. ती संपली की कुठे जायचं ते बघायचं. संध्याकाळी काठावर उभा राहतो. दिवसभरात कुणाशी बोलणं होत नाही, म्हणून हे पत्र लांबलं.

तुझा एस्किल

नाँग खाय
११ जून

चि. एस्किलला,
अनेक आशीर्वाद. दचकू नकोस, तुझ्याच घरातून लिहितेय. विमानतळावर मला कुणी काही विचारलं नाही. महिन्याभराचा शिक्का मारला आणि हसून आत सोडलं. मला त्याचीच लाज वाटली.

खम्पेंग पहिले दोन दिवस माझ्याकडे बघायला तयार नव्हती. मग वानने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की तूही तिच्या नवऱ्यासारखा कायमचा गेलास, असं ती धरून बसली आहे. मुदत वाढवून घेऊन तू नदीपलीकडेच राहिलास, हे तिला खरंच वाटत नाही. म्हणून काल आम्ही दोघींनी तिला चाकाच्या खुर्चीतून काठावर नेलं. समोर टोपी घातलेला एक माणूस उभा होता. एवढ्या अंतरावरून तू की कुणी मासेमार, मला ओळखू आलं नाही. मी बोट दाखवून तुझं नाव घेतलं. तिने डावा हात वर केला आणि तो माणूस निघून जाईपर्यंत खाली घेतला नाही. रात्री पोटभर जेवली.

महिना संपला की मलाही निघावं लागेल. तोवर तिला रोज संध्याकाळी नेईन.

कालचा तो माणूस तू नसलास, तर मला कळवू नकोस.

तुझी,
इंगेबोर