फोटोवालं कुलूप

सोमवार, ८ जानेवारी

कुलपं आली! खोकंभर. लालभडक, प्लास्टिकची — जत्रेतली वाटतात. आमच्या मसाल्याच्या कारखान्यात चोरणार काय? हळद?

नव्या सेफ्टी मॅडम, ऋतिका, म्हणाल्या, "चोरांसाठी नाहीत, जितेशदादा. तुमच्यासाठी आहेत."

म्हणजे असं — मशीनमध्ये हात घालायचा तर आधी मेन स्विच बंद, त्यावर आपलं कुलूप, कुलपाला आपल्या फोटोचा बिल्ला. चावी एकच, आपल्या खिशात. काम झालं की ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. आणि मी इतकी वर्षं मेंटेनन्समध्ये काय करतोय? ओरडतो — "बटण दाबू नका रे!" — की झालं!

फोटोत मी फरार आरोपी दिसतो. घरी दाखवला. वसुंधरा हसता हसता पलंगावरून पडायचीच बाकी होती. बायको ना ही?

मंगळवार, ९ जानेवारी

मॅडमचं ट्रेनिंग. निम्म्यात मिरचीची गोणी फुटली. पुढचं सगळं शिंकांमध्ये. काय शिकलो, देव जाणे.

गुरुवार, ११ जानेवारी

काशीराम आमचा मिक्सर चालवतो. त्याची बोंबलाची चटणी रोज कोणीतरी फस्त करतं, म्हणून आज गड्याने डब्यालाच लाल कुलूप ठोकलं! वर बिल्ला — "धोका! हात लावू नका. माणूस काम करत आहे."

दुपारी तोच बिल्ला संडासाच्या दाराला. मॅडमनी थांबून वाचला. आतून काशीराम — "थांबा, थांबा! काम चालूच हाय!"

मॅडम तोंडाला ओढणी लावून ऑफिसात पळाल्या. मी जिन्यावरच बसलो. हसून हसून पोट दुखलं.

रविवार, १४ जानेवारी

आज कहर.

आमची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारी कारखाना चालू. सकाळी बघतो तर मिक्सरच्या स्विचवर कुलूप, आणि बिल्ल्यावर स्टीवन, आमचा इलेक्ट्रिशियन, दात काढून हसतोय. काल संध्याकाळी मोटार दुरुस्त केली आणि कुलूप तसंच ठेवून गडी गेला — बहिणीच्या लग्नाला, पाचूबंदरला! गरम मसाल्याची ऑर्डर अडकलेली. शेठ लालबुंद. "तोडा!"

मॅडम कुलपासमोर उभ्या. "स्टीवनशी बोलल्याशिवाय नाही."

फोन लावला. पलीकडे नुसता बँडबाजा. "हॅलो?" — ढमढम. "स्टीवन?" — ढमढम! शेवटी मीच बाईक काढली.

पाचूबंदरला वरात ऐन रंगात. स्टीवन कोट-टाय घालून नाचतोय, एक मावशी त्याला सोडेना. मी कानात ओरडलो, "चावी!" त्याला ऐकू आलं "जेवीन". ओढत मांडवात नेऊन माझ्यापुढे ताट ठेवलं. खाल्लं. काय करणार? मग परत — "चावी रे, चावी!"

खिसा चाचपला. चावी तिथेच! चेहरा पडला. मग एकदम खुलला — "कुलूप माझा, चावी पन माझी. मीच येनार!" कामाचा कळवळा वगैरे काही नाही, मामालोकांच्या फोटोतून सुटायचं होतं त्याला. सगळी वरात बघत राहिली — नवरीचा भाऊ घामाघूम होऊन माझ्या बाईकवर मागे!

त्याने कुलूप काढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शेठनीसुद्धा. कोटाला हळद लागली ती लागलीच. परत सोडलं तर मावशी म्हणाली, "हळद तर कालच झाली ना रे?"

मंगळवार, १६ जानेवारी

शेठना स्पष्ट सांगितलं — हा पोरखेळ बंद करा. एका कुलपापायी अर्धा दिवस गेला. शेठ म्हणाले, "विचार करतो." मॅडमच्या कानावर गेलंच असणार. आज माझ्याशी बोलल्या नाहीत. नाही तर नाही.

गुरुवार, १८ जानेवारी

मिक्सरची पाती घासत होती. मॅडम मागे येऊन उभ्या. नुसत्या उभ्या. कटकट नको म्हणून मेन स्विचला लावलं कुलूप. तेव्हा कुठे मॅडम गेल्या.

आत कंबरेपर्यंत वाकलो होतो. बाहेर बटणाचा आवाज आला — टिक. मग परत — टिक, टिक.

"जितेशभाऊ!" काशीराम कुठेतरी दुसरीकडे तोंड करून हाका मारत होता. "मिक्सर चालू होत नाय! कुठं हाय तुम्ही?"

आतून पत्रा वाजवला.

तो वाकला, मला बघितलं, आणि फरशीवर बसला. मी बाहेर आलो, त्याच्या शेजारी बसलो.

वसुंधराने विचारलं, आज लवकर कसे? म्हटलं, असंच.