तिसऱ्या कडव्यातील फेक

तीर्थस्वरूप ताई हिस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. गुडघ्यांनी हल्ली आठांपैकी दोन अंगं वगळायला सांगितलं आहे.) तुझी तब्येत कशी आहे असं विचारणार होतो, पण परवा तुझा फोन आला तेव्हा सुनेने आतूनच "आत्या ठणठणीत दिसतायत" असं सांगितल्यामुळे तो प्रश्न मिटला. फोन माझ्या कानाशी होता आणि सून दोन खोल्या पलीकडे, एवढंच नमूद करतो. तुझा चष्मा, तुझी कंबर आणि तुझ्या वरच्या मजल्यावरचे भांडकुदळ शेजारी या सर्वांची प्रकृती उत्तम असावी. माझं म्हणशील तर सगळं जागच्या जागी आहे, दातही आहेत, फक्त त्यांची जागा अधूनमधून बदलते.

पत्र लिहायला तसं काही कारण नाही. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतेस.

तर, सुनेने माझ्याकडे नातीला ज्युदोच्या वर्गाला नेण्या-आणण्याचं काम दिलं आहे. वर्ग एका सायकलच्या दुकानाच्या वर भरतो. लांबलचक खोली, जमिनीवर निळ्या गाद्या, आणि दाराबाहेर पालकांसाठी एक बाक. नात नऊ वर्षांची, चणीने लहान, त्या पांढऱ्या जाड डगल्यात ती धोब्याकडून चुकून आलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यासारखी दिसते. पहिले तीन महिने या लोकांनी तिला फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीशी घ्यायची, हात गादीवर आपटायचा आणि ताबडतोब उठायचं. (मला हे कुणी वेळेवर शिकवलं असतं तर टपालखात्यातली माझी सदतीस वर्षं निराळी गेली असती.) पडण्यात नात इतकी तरबेज झाली की जो तो तिलाच पाडू लागला. महिन्याभरापूर्वी एकदा जिना उतरताना ती म्हणाली, "आजोबा, मी उद्यापासून नाही येणार." मी तिला धीर द्यायला शाळेतल्या कवितेचं एक कडवं म्हणून दाखवलं, तर ती आणखीच जोरात रडली.

बाकावर माझ्या शेजारी एक दंतवैद्य बाई बसतात. त्यांचा मुलगाही याच वर्गात आहे. आमच्या गप्पांना विषयांची कमतरता नाही. मारामारीच्या सिनेमांत एकटा नायक वीस जणांना लोळवतो तेव्हा उरलेले एकोणीस जण रांगेत आपला नंबर यायची वाट का बघतात, असं मी एकदा विचारलं. बाईंचं म्हणणं वेगळं. एवढे ठोसे बसूनही एकाचासुद्धा दात पडत नाही, हे त्यांना व्यवसायाच्या दृष्टीने खटकतं. मुलींनी लढायला शिकावं की मुलांनी न लढायला शिकावं, हा प्रश्न रोज पावणेसहाला निघतो. सहाला वर्ग सुटला की आम्ही तो बाकावरच ठेवून निघतो, आणि दुसऱ्या दिवशी तो तिथेच असतो.

एक दिवस ज्युदोच्या सरांनी (पंचविशीतला मुलगा, मानेपेक्षा दंड जाड, अत्यंत नम्र) मुलांना सांगितलं की घरात कुणी कधी झुंजून काही मिळवलं असेल तर ते दाखवायला आणा. नातीने घरभर उचकापाचक केली आणि माझ्या जुन्या पेटीतून काय काढावं? कविता म्हणण्याबद्दल मिळालेलं माझं सातवीतलं प्रशस्तिपत्रक. तुला ते माहीत आहेच, पण मजकूर पुन्हा लिहितो, कारण पुढचा सगळा घोळ मजकुराचाच आहे : "आंतरशालेय वीररस स्पर्धा. प्रथम क्रमांक. विशेष उल्लेख : तिसऱ्या कडव्यातील फेक."

सरांचं शिक्षण सगळं इंग्रजीतून. त्यांनी ते बोट ठेवून, एकेक अक्षर फोडत वाचलं आणि बाहेर येऊन माझ्यापुढे कमरेतून वाकून उभे राहिले. त्यांच्या लेखी वीररस ही त्यांनी न ऐकलेली, बहुधा लुप्त झालेली झुंजीची शैली होती. 'कडवा' म्हणजे कडवा प्रतिस्पर्धी. आणि फेक म्हणजे अर्थातच फेक, कारण ज्युदोत फेकण्यालाच तर मार्क असतात. थोडक्यात, मी वयाच्या बाराव्या वर्षी एकामागून एक दोन कडवे गडी लोळवून तिसऱ्याला असा काही उचलून आपटला होता की परीक्षकांना त्याची लेखी दखल घ्यावी लागली.

ताई, मी तिथल्या तिथे खुलासा करणारच होतो. तोंड उघडलंही होतं. पण नात सरांच्या मागे उभी होती, आणि ती माझ्याकडे जशी बघत होती तसं माझ्याकडे कुणी फार वर्षांत बघितलेलं नाही. मी नुसती मान डोलावली. मान डोलावणं हे खोटं बोलण्यात मोडत नाही, असं माझं मत त्याच दिवशी बनलं. दुसऱ्या दिवशी नात माझ्याआधी पायात चपला घालून दारात उभी. वर्ग सोडण्याची भाषा बंद. आता तिचं एकच, "आजोबा, ती तिसऱ्या कडव्याची फेक मला शिकवा ना."

इथवर निभावलं असतं, पण या सरांचा एक पॉडकास्ट आहे. (म्हणजे रेडिओसारखंच, फक्त ऐकणाऱ्याला हवं तेव्हा ऐकता येतं आणि नको तेव्हाही ऐकवलं जातं.) नाव 'गादीवरच्या गप्पा'. विषय तीन : युद्धकला, सिनेमे-गाणी आणि सामाजिक प्रश्न. श्रोते एकेचाळीस, त्यांत सरांच्या आई दोनदा. गेल्या रविवारी त्यांनी मला गाद्यांच्या खोलीत बसवून माझी मुलाखत घेतली. मी एकही शब्द खोटा बोललो नाही, हे तुला शपथेवर सांगतो. गुरू कोण, तर मराठीचे सर. साधना किती, तर पाचवी ते सातवी, रोज मधल्या सुट्टीत. दुखापत झाली होती का, तर हो, चार दिवस घसा बसला होता. सरांनी गळा आवळण्याचे डाव त्या काळी चालत का म्हणून विचारलं, तेव्हा मी मान डोलावली. मग त्यांनी उभं राहण्याची पद्धत दाखवायला सांगितली. मी उठलो आणि मराठीच्या सरांनी शिकवल्याप्रमाणे उजवा पाय पुढे, डावा हात कमरेवर, उजवा हात वर आढ्याकडे करून उभा राहिलो. सर दोन मिनिटं माझ्याभोवती फिरले आणि पुटपुटले की या उभं राहण्यात बचाव नावालाही नाही, केवढा आत्मविश्वास असेल.

सिनेमांबद्दल मी दंतवैद्य बाईंचं मत माझं म्हणून सांगितलं. मग निघाला सामाजिक प्रश्न. तुमच्या काळी ही कला मुलींना शिकवत का? मी म्हटलं, मुलींसाठी वात्सल्यरस होता. ती वेगळी शैली का? हो, म्हटलं, त्यात फेकत नाहीत, जवळ घेतात. आणि मग मला जो काही कंठ फुटला! मुलींवर झालेल्या अन्यायावर मी अकरा मिनिटं बोललो. (सरांनी मोजली.) सांगितलं की आमच्या शाळेत एक मुलगी होती, तिची फेक आम्हा सगळ्या मुलांपेक्षा जबरदस्त, पण वीररस मुलींना शोभत नाही म्हणून तिला त्या मंचावर येऊ दिलं नाही. दंतवैद्य बाईंनी दारातून डोळे पुसले. सर हळूच म्हणाले, "कोण होत्या त्या, आजोबा?"

मी खोकलो. आणि म्हणालो, "आता नाव आठवत नाही."

स्पर्धेच्या दिवशीची गोष्ट तुला माहीतच आहे, पण तुझ्या आठवणीत मी जरा वाईट दिसत असेन, म्हणून माझ्या बाजूने सांगतो. आदल्या दिवशी मुलींच्या स्पर्धेत तुला उत्तेजनार्थ मिळालं होतं, कारण तू अंगाई दरडावून म्हटलीस असा परीक्षकांचा शेरा होता. दुसऱ्या दिवशी मी मंचावर. कविता मराठीच्या सरांनी स्वतः रचलेली, 'उठा गड्यांनो, पहाट झाली, वेशीपाशी वैरी रे!' (वैरी कोण, ते सरांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.) पहिली दोन कडवी धडाक्यात गेली. तिसऱ्याला डोकं कोरं. समोर भिंतीवरचं घड्याळ, त्यात अकरा वाजून वीस मिनिटं, एवढंच मला दिसत होतं. आणि पडद्यामागून तुझा आवाज सुटला. अख्खं कडवं. तू पुटपुटून सांगणार होतीस हे मला मान्य आहे, पण पुटपुटणं तुला तेव्हाही जमत नव्हतं. माझं तोंड भीतीने उघडंच होतं, त्यामुळे ते जुळून गेलं. टाळ्या पडल्या, प्रशस्तिपत्रक मिळालं, आणि तू त्याबद्दल साठ वर्षांत चकार शब्द काढला नाहीस. नुसती बघतेस.

मुलाखतीनंतर घरी येताना नातीने हात ओढून मला थांबवलं. मग म्हणाली, "तिचं नाव कसं नाही आठवत? ती तर सगळ्यात भारी होती ना?" मी तिला रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायला सांगितलं. रस्ता रिकामा होता.

असो. बाकी सर्व क्षेम. कमरेला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. : तुझा निळा स्वेटर मागच्या खेपेला आमच्याकडेच राहिला आहे. तो न्यायला तू येत्या रविवारी आलीस तर बरं. शनिवारीच आलीस तर आणखी बरं.

ता. क. २ : खरं कारण लिहूनच टाकतो. रविवारी नातीची केशरी पट्ट्याची परीक्षा आहे, आणि ती झाल्यावर सरांनी मला ती लुप्त शैली सगळ्यांसमोर पूर्ण करून दाखवायला सांगितलं आहे. नातीने अख्ख्या वर्गाला बोलावलं आहे. दोन कडवी मी मारून नेईन. खोलीच्या कोपऱ्यात जुन्या गाद्यांची पुरुषभर उंच चळत आहे. तिच्यामागे तुला खुर्ची टाकून देईन. कुणाला दिसणार नाहीस. तेवढं तिसरं कडवं, ताई, एकदाच.

ता. क. ३ : वरचा मजकूर लिहीत असताना नात माझ्या खांद्यावरून वाचत होती, हे मला उशिरा कळलं. तिने पत्र हातातून घेतलं, पहिल्यापासून वाचलं, 'कडवं' म्हणजे काय ते विचारलं, मी सांगितलं. मला वाटलं, संपलं सगळं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग वळून एवढंच म्हणाली, "म्हणजे फेक आत्याआजीची होती? तिला अजून येते?" मी म्हटलं, फोनवर ऐकतेस की.

तेव्हा रविवारचा कार्यक्रम बदलला आहे. पुढे तू उभी राहणार, आणि गाद्यांमागे मी. तू विसरलीस तर सांगायला. नातीचा हुकूम आहे, माझं काही चालणार नाही. म्हणून एक कर. उलट टपाली तिसरं कडवं तेवढं लिहून पाठव. मला ते कधीच पाठ नव्हतं.